गेटचा कटऑफ कोण ठरवतं?

कॉम्प्युटर सायन्सच्या पेपरात २०२२ साली खुल्या गटातल्या ज्याला २५ गुण मिळाले, तो इंजिनिअरिंगनंतरच्या ‘गेट’ या परीक्षेत पात्र ठरला. पुढच्याच वर्षी त्याच पेपरात ३२ गुण मिळवणारा अपात्र ठरला, कारण २०२३ची पात्रतेची रेषा, म्हणजे कटऑफ, ३२.५ वर होती. २०२४ मध्ये ती २७.६ वर उतरली.

मार्चमध्ये निकाल लागला की घराघरांत यावरून गोंधळ सुरू होतो. शंभरपैकी ३५ गुण म्हणजे दहावीच्या हिशेबाने काठावर पास, मग पेढे कसले? आणि गुण ३५ असताना कार्डावर ‘स्कोअर ४०५’ कुठून आला? विद्यार्थ्यांचाही गोंधळ कमी नसतो. परीक्षा संपल्या दिवसापासून ‘यंदा कटऑफ किती जाईल’ यावर ग्रुपवर रात्र रात्र चर्चा चालते, पण तो काढतात कसा हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हा हिशेब अवघड नाही. बेरीज, वजाबाकी आणि सरासरी येत असेल तर कोणालाही कळेल.

## आधी परीक्षेची ओळख

इंजिनिअरिंगनंतर एमटेकला किंवा काही सरकारी कंपन्यांच्या नोकरीला जायचं तर ‘ग्रॅज्युएट अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट इन इंजिनिअरिंग’, म्हणजेच गेट, बहुतेक ठिकाणी द्यावी लागते. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबई, दिल्ली, गुवाहाटी, कानपूर, खरगपूर, मद्रास, रुरकी या सात आयआयटी आळीपाळीने ती घेतात. २०२१ साली ती मुंबई आयआयटीकडे होती, २०२५ साली रुरकीकडे. पदवीच्या तिसऱ्या वर्षाला असलेले विद्यार्थीसुद्धा बसू शकतात.

पेपर तीन तासांचा, ६५ प्रश्नांचा आणि १०० गुणांचा असतो. त्यात १५ गुण जनरल अ‍ॅप्टिट्यूडचे, म्हणजे भाषा, साधं गणित आणि तर्काचे. बहुतेक इंजिनिअरिंग शाखांत आणखी १३ गुण इंजिनिअरिंग मॅथ्सचे असतात आणि उरलेले ७२ आपल्या विषयाचे. पंधरा आणि तेरा मिळून अठ्ठावीस होतात. २०२४ची कॉम्प्युटर सायन्सची रेषा २७.६ होती हे इथे आठवावं. ज्या भागाला ‘ते काय, आयत्या वेळी पाहू’ म्हणून बहुतेक जण बाजूला ठेवतात, तेवढ्यात पात्रतेपुरते गुण दडलेले होते.

## तीन तऱ्हेचे प्रश्न

पहिली तऱ्हा ओळखीची आहे: चार पर्याय, एक बरोबर. यालाच एमसीक्यू म्हणतात. चुकलं तर गुण कापतात. एक गुणाच्या प्रश्नाला एक तृतीयांश, दोन गुणांच्या प्रश्नाला दोन तृतीयांश.

दुसरी तऱ्हा २०२१ पासून आली, एमएसक्यू. यातही चार पर्याय असतात, पण बरोबर पर्याय एक असेल, दोन असतील, तीन असतील किंवा चारही असतील. चुकीला गुण कापत नाहीत, पण अर्धवट बरोबर असल्याचेही काही मिळत नाही. समजा विचारलं, ‘खालीलपैकी ९१चे विभाजक कोणते?’ आणि पर्याय दिले १, ७, १३ आणि १७. उत्तर आहे १, ७ आणि १३. घाईत ७ आणि १३ वर खूण करून जो पुढे गेला, त्याला शून्य. ९१ म्हणजे सात गुणिले तेरा हे त्याला पक्कं ठाऊक होतं, पण एक हासुद्धा विभाजक असतो हे निसटलं. शाळेत शिक्षक पायऱ्यांचे गुण द्यायचे, ती सवय इथे मोडावी लागते.

तिसरी तऱ्हा नॅट, म्हणजे संख्या लिहायचे प्रश्न. पर्याय नसतात. उत्तर काढायचं आणि पडद्यावरच्या कीपॅडवर माउसने एकेक आकडा दाबून भरायचं. आपला कॅल्क्युलेटर नेता येत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो. चुकीला गुण कापत नाहीत. उत्तरतालिकेत बऱ्याचदा एक पट्टा दिलेला असतो, उदाहरणार्थ २.३१ ते २.३५, आणि त्यात बसणारं कुठलंही उत्तर बरोबर धरतात, म्हणून शेवटच्या दशांशासाठी जीव काढायची गरज नसते. जीव काढायचा तो एककावर. प्रश्नात बल किलोन्यूटनमध्ये मागितलंय आणि आपण न्यूटनमधलं ४५०० भरलं, तर गणित सगळं बरोबर असूनही हाती काही नाही; तिथे ४.५ हवं होतं.

सरावात कोणी बघत नाही अशी आणखी एक गोष्ट म्हणजे ‘सेव्ह अँड नेक्स्ट’ हे बटण. ते न दाबता उजवीकडच्या क्रमांकांवर थेट क्लिक करून दुसऱ्या प्रश्नावर उडी मारली, तर आधी निवडलेलं उत्तर नोंदलं जात नाही. मॉक टेस्ट दिल्याशिवाय परीक्षेला जाऊ नये, असं मी ज्याला त्याला सांगतो ते याच कारणासाठी.

## अंदाजाने ठोकावं का?

‘निगेटिव्ह मार्किंग आहे, हात लावू नको’ हा सल्ला सरसकट दिला जातो. तो अर्धाच खरा आहे.

एक गुणाचा एमसीक्यू घ्या. काहीच माहीत नसताना डोळे मिटून खूण केली, तर चारांत एकदा बरोबर येईल आणि एक गुण मिळेल. तीनदा चुकेल आणि तीन वेळा एक तृतीयांश जाईल, म्हणजे एक गुण गेला. हिशेब शून्यावर आला. गुण कापायचं प्रमाण असं मुद्दाम ठेवलंय की निव्वळ नशिबाला फायदाही होऊ नये आणि तोटाही.

आता एक पर्याय नक्की चुकीचा आहे हे कळलं असेल, तर उरलेल्या तिघांतून निवडताना सरासरी एक नवमांश गुण पदरात पडतो. दोन पर्याय बाद करता आले, तर एक तृतीयांश. दोन गुणांच्या प्रश्नाला याच्या दुप्पट. म्हणजे थोडंसं ज्ञान असेल तिथे उत्तर द्यावं आणि काहीच नसेल तिथे सोडावं, कारण सरासरी शून्य असली तरी एखाद्या दिवशी ओळीने पाच-सहा चुकू शकतात आणि परीक्षा आपण एकच दिवस देतो.

एमएसक्यूत चार पर्यायांच्या पंधरा जुळण्या होतात, म्हणून आंधळ्या अंदाजाला पंधरात एक संधी. नॅटमध्ये तेवढीही नाही. पण दोन्हीकडे जाणार काहीच नसतं, तेव्हा हे प्रश्न कोरे सोडून उठण्यात अर्थ नाही.

## रेषा येते कुठून

आता मुख्य मुद्दा. खुल्या गटाचे पात्रता गुण काढण्याचा नियम असा आहे: त्या पेपरला बसलेल्या सगळ्यांच्या गुणांची सरासरी घ्यायची, त्यात प्रमाण विचलन मिळवायचं. ही बेरीज आणि २५, यांत जे मोठं असेल ते पात्रता गुण.

प्रमाण विचलन हा एवढा एकच जड शब्द. गुण सरासरीच्या भोवती किती पसरलेत याचं ते माप आहे. एका वर्गात सगळ्यांना १८ ते २२ गुण आहेत आणि दुसऱ्या वर्गात कोणाला ३, कोणाला ६०. दोन्हीकडे सरासरी २० असू शकते, पण पहिल्या वर्गाचा पसारा लहान आणि दुसऱ्याचा मोठा. पुढे मी त्याला पसाराच म्हणतो.

एखाद्या वर्षी सरासरी १७ आली आणि पसारा १२, तर रेषा २९ वर. पेपर अवघड निघाला, सरासरी १३ आणि पसारा ९ आला, तर बेरीज २२ होते; पण २५च्या खाली जायचं नाही, म्हणून रेषा २५ वर थांबते. २०२२च्या कॉम्प्युटर सायन्समध्ये रेषा याच तळाला टेकली होती.

सरासरी इतकी कमी कशी, असं पालक हमखास विचारतात. परीक्षेला हजर राहिलेला प्रत्येक जण यात मोजला जातो. दोन वर्षं झटून अभ्यास केलेला, नोकरी सांभाळून बसलेला, तिसऱ्या वर्षात ‘पाहू तर खरं’ म्हणून आलेला, सगळे. गुण कापले जात असल्याने काहींची बेरीज शून्याच्याही खाली जाते.

सरासरी अधिक पसारा हीच रेषा का? गुणांची मांडणी घंटेच्या आकाराची असेल, तर या रेषेच्या वर साधारण सोळा टक्के लोक राहतात. प्रत्यक्षात मांडणी इतकी नेटकी नसते आणि आरक्षित गटांची रेषा खाली असते, म्हणून प्रमाण थोडं बदलतं. २०२४ मध्ये साडेसहा लाखांच्या आसपास उमेदवार बसले आणि सव्वा लाखाहून थोडे जास्त पात्र ठरले. म्हणजे दर पाचांत एक.

म्हणूनच ही रेषा एखाद्याला विषय किती येतो हे सांगत नाही. त्या वर्षीच्या गर्दीत तो कुठे उभा होता, एवढंच सांगते. माझ्या मते या परीक्षेबद्दल घरच्यांना समजावून सांगावी अशी ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे, कारण २४.८ गुणांवर थांबलेल्या मुलीला ‘नापास झालीस’ म्हणणारे तिचेच लोक असतात. गेटमध्ये नापास हा प्रकारच नाही. पात्र असाल तर स्कोअरकार्ड मिळतं, नसाल तर मिळत नाही.

## ‘मग रेषा आधीच का जाहीर करत नाहीत?’

कारण परीक्षा होईपर्यंत ती अस्तित्वातच नसते. सगळ्यांचे गुण हाती आल्यावरच सरासरी निघते. परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी ‘अपेक्षित कटऑफ’ सांगणारे व्हिडिओ अंदाज बांधत असतात, आणि सरासरी व पसारा दोन्ही माहीत नसताना बांधलेल्या अंदाजावर झोप उडवून घेण्यात काही हशील नाही.

यातून आणखी एक शंका सुटते. एखादा प्रश्नच चुकीचा निघाला, तर कधी कधी तो गुण सर्वांना दिला जातो. विद्यार्थी खूश होतात. पण सर्वांना एक गुण मिळाला की सरासरीही वर सरकते आणि तिच्या मागोमाग रेषाही. ज्यांना तो प्रश्न सुटला नव्हता ते थोडे पुढे सरकतात, आणि ज्याला तो बरोबर धरलेल्या उत्तरासह सुटला होता त्याची आघाडी मात्र पुसली जाते.

## स्कोअर म्हणजे टक्के नाहीत, पर्सेंटाइलही नाही

एमएचटी-सीईटीमुळे पर्सेंटाइल हा शब्द महाराष्ट्रातल्या घरोघरी पोचलाय: आपल्या खाली शंभरपैकी किती जण आहेत ते. गेटचा स्कोअर तसा नसतो.

ताप मोजायच्या जुन्या थर्मामीटरवर फॅरनहाइटचे आकडे असत, आता सेल्सिअसचेही असतात. ९८.६ आणि ३७ हा एकच ताप. दोन पट्ट्या जुळवायला दोनच खुणा पुरतात: बर्फ वितळतो ती आणि पाणी उकळतं ती. मधले सगळे आकडे त्याच प्रमाणात आपोआप बसतात.

गेटमध्येही दोनच खुणा आहेत. खालची खूण म्हणजे खुल्या गटाचे पात्रता गुण. तिथे स्कोअर ३५०. वरची खूण म्हणजे त्या पेपरातल्या अव्वल ०.१ टक्के उमेदवारांच्या गुणांची सरासरी. तिथे स्कोअर ९००. पेपरला थोडेच बसले असतील आणि ०.१ टक्के म्हणजे दोन-चार जणच होत असतील, तर अव्वल दहांची सरासरी घेतात. खुणांच्या मधलं अंतर ५५० सम भागांत वाटायचं. स्कोअर हजाराच्या वर जात नाही.

आकड्यांत पाहू. खालची खूण ३० गुणांवर आणि वरची ८० वर आहे असं समजा. मधल्या ५० गुणांना ५५० स्कोअर, म्हणजे दर गुणाला ११. ज्याला ३५ गुण, तो रेषेच्या पाच गुण वर. पाच अकरे पंचावन्न, अधिक ३५०, झाले ४०५. सुरुवातीचं कोडं एवढंच होतं.

आता सोप्या आणि अवघड पेपराचा फरक. सोप्या वर्षी खुणा ३५ आणि ९० असतील, तर ५५ गुणांना स्कोअर ५५०. अवघड वर्षी खुणा २५ आणि ७५ असतील, तर त्याच ५५ गुणांना स्कोअर ६८०. स्कोअर तीन वर्षं चालतो, त्यामुळे वेगवेगळ्या वर्षांचे विद्यार्थी एकाच प्रवेशाच्या रांगेत येतात. तिथे नुसते गुण बघितले असते, तर अवघड पेपर मिळालेल्यावर अन्याय झाला असता.

## ‘सकाळचा पेपर अवघड होता, दुपारचा सोपा’

ज्या शाखांना गर्दी मोठी, त्यांची परीक्षा दोन सत्रांत होते. २०२५ साली कॉम्प्युटर सायन्स आणि सिव्हिलची तशीच झाली. दोन सत्रं म्हणजे दोन वेगळ्या प्रश्नपत्रिका, आणि त्या अगदी सारख्या अवघड असणं शक्य नाही. ही तक्रार रास्त आहे आणि तिच्यावरचा उपाय वरच्यासारखाच आहे.

प्रत्येक सत्राच्या दोन खुणा काढतात: सरासरी अधिक पसारा ही खालची, आणि अव्वल ०.१ टक्क्यांची सरासरी ही वरची. मग दोन्ही सत्रं मिळून तशाच दोन खुणा काढतात आणि प्रत्येकाचे गुण या सामायिक पट्टीवर आणतात. सकाळच्या खुणा २६ आणि ७८, दुपारच्या ३२ आणि ८६, सामायिक २९ आणि ८३ असं धरा. सकाळी ५२ मिळवणारी आणि दुपारी ५९ मिळवणारा, दोघेही आपापल्या खुणांच्या बरोबर मध्यावर आहेत. सामायिक पट्टीवर दोघांचे गुण ५६.

या पद्धतीत गृहीत धरलेली गोष्ट एकच: दोन्ही सत्रांतली मुलं साधारण सारख्या तयारीची आहेत. सत्र उमेदवाराला निवडता येत नाही आणि संख्या हजारोंची असते, म्हणून हे गृहीतक बहुतांशी टिकतं. काठावरच्या एखाद्याला दशांशाने इकडचं तिकडे होऊ शकतं, हे नाकारण्यात अर्थ नाही.

## रेषा वेगळी, मोजपट्टी एकच

इतर मागासवर्ग आणि आर्थिक दुर्बल गटांची रेषा खुल्या गटाच्या रेषेच्या ९० टक्क्यांवर असते. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांची दोन तृतीयांशावर. २०२३च्या कॉम्प्युटर सायन्समध्ये ती ३२.५, २९.२ आणि २१.६ अशी होती.

‘त्यांना स्कोअरही वाढवून मिळतो’ असं सर्रास बोललं जातं. ते साफ चूक आहे. स्कोअरच्या सूत्रात खालची खूण सगळ्यांसाठी खुल्या गटाचीच असते. आपल्या ३० आणि ८० च्या उदाहरणात २२ गुण मिळवून पात्र ठरलेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याचा स्कोअर ३५० नसतो, २६२ असतो. त्याच्या कार्डावर आकडा पट्टीप्रमाणेच येतो.

## पात्र झालो, पुढे?

पुढे रांगा वेगवेगळ्या आहेत. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेत स्वतंत्र अर्ज करायचे असतात आणि त्यांचे प्रस्ताव ‘कोॲप’ या पोर्टलवर स्वीकारायचे. नागपूरचं व्हीएनआयटी आणि गोव्याचं एनआयटी ‘सीसीएमटी’ या केंद्रीय प्रक्रियेत येतात. मुंबईचं व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी आणि राज्यातल्या इतर महाविद्यालयांसाठी राज्याच्या सीईटी सेलकडे नोंदणी करायची. तिथे गेट पात्र उमेदवारांना आधी प्रवेश मिळतो. गेटवरून भरती करणाऱ्या सरकारी कंपन्या बहुतेक वेळा विशिष्ट वर्षाचाच स्कोअर मागतात, तिथे तीन वर्षांची मुदत उपयोगी पडत नाही.

नामांकित संस्थेत हव्या त्या शाखेसाठी ३५०च्या आसपासचा स्कोअर पुरत नाही, हे स्पष्ट सांगितलेलं बरं. पात्रता म्हणजे अर्ज करण्याचा हक्क. प्रवेशाचा कटऑफ वेगळा असतो, प्रत्येक संस्था, शाखा आणि गटागणिक, आणि तो स्कोअरवर लागतो. वर्तमानपत्रात ‘गेटचा कटऑफ’ असं वाचलं की यांतला कुठला, ते आधी पाहावं.

पण काठावरच्या पात्रतेलाही पैशात मोल आहे, आणि हे ठाऊक नसल्याने दरवर्षी मुलं नुकसान करून घेतात. एआयसीटीईची, म्हणजे तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या केंद्रीय परिषदेची, मान्यता असलेल्या महाविद्यालयात पूर्णवेळ एमटेक किंवा एमई करणाऱ्या गेट पात्र विद्यार्थ्याला महिना १२,४०० रुपये शिष्यवृत्ती मिळते, जास्तीत जास्त २४ महिने. एकूण २,९७,६०० रुपये. त्याच वर्गात, त्याच बाकावर गेटशिवाय प्रवेश घेतलेल्याला ती मिळत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी राहून घरूनच एमटेक करणाऱ्या मुलीची फी आणि एसटीचा पास यातून भागू शकतो.

त्यासाठी प्रवेशाच्या दिवशी स्कोअर मुदतीत असला पाहिजे, आणि विद्यार्थ्याची नोंद महाविद्यालयाने एआयसीटीईच्या पोर्टलवर करून पडताळून द्यावी लागते. फी भरण्याआधी कार्यालयात दोन गोष्टी विचाराव्यात: या अभ्यासक्रमाला यंदाची मान्यता आहे का, आणि शिष्यवृत्तीची नोंदणी कोण करतं. मागच्या वर्षीच्या एखाद्या विद्यार्थ्याला गाठून पैसे वेळेवर येतात का, तेही विचारून घ्यावं.